३८ स्लाइडांचा पाऊस

प्रश्न असा आला आहे: "मी नववीला भूगोल शिकवते. डोंगर आडवा आल्याने पडणाऱ्या पावसावर, म्हणजे प्रतिरोध पर्जन्यावर, ३८ स्लाइडांचं पीपीटी केलं. पुस्तकातला मजकूर, फोटो, दोन व्हिडिओ, मागे मंद संगीत. मुलं खूश होती. आठवड्याने चाचणी घेतली, तर महाबळेश्वरला धो धो आणि वाईला जेमतेम असं का, हे निम्म्या वर्गाला सांगता आलं नाही. मल्टिमीडिया शिक्षणाची बारा तत्त्वं वाचली, त्याने गोंधळ वाढलाच. एक तत्त्व म्हणतं, पडद्यावरचा मजकूर काढा. सहकारी म्हणतात, मराठी माध्यमाच्या मुलांना शब्द दिसलेच पाहिजेत. काय ठेवू, काय काढू? शिवाय मुख्याध्यापकांना फाइलला लावायला 'पूर्ण' पीपीटी लागतं, त्याचं काय?" सोबत पीपीटी जोडलं आहे.

मॅडम, तुमचं पीपीटी शेवटपर्यंत पाहिलं. मेहनत दिसते. आणि ते फार ओळखीचं वाटलं, कारण असंच एक मी स्वतः केलं होतं. मी सतरा वर्षं भूगोल शिकवला, नंतर डिजिटल पाठ लिहायच्या आणि शिक्षकांची प्रशिक्षणं घ्यायच्या कामात पडले. माझं पहिलंवहिलं पीपीटी याच घटकावर होतं. सुरुवातीलाच मी नाणेघाटातल्या उलट्या धबधब्याचा व्हिडिओ लावला. कड्यावरून पडणारं पाणी खालून येणारा वारा परत वर भिरकावतो, तो. वर्ग वेडा झाला. बाई, पुन्हा लावा, पुन्हा लावा. तीनदा लावला. पुढे चाचणीत अकरा मुलांनी लिहिलं, "वारा डोंगराखालचे पाणी वर उचलून नेतो व ते डोंगरावर पडते, यास प्रतिरोध पर्जन्य म्हणतात." एकाने तर बाण काढून आकृतीही दिली होती, अगदी नीटनेटकी.

आता यात मुलांना काय बोल लावायचा? सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात मी जे दाखवलं, त्याच खुंटीला त्यांनी पुढचा अख्खा पाठ टांगला. या प्रकाराचा अभ्यास झालेला आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथले रिचर्ड मायर, ज्यांची तत्त्वं तुम्ही वाचलीत, त्यांनी आणि शॅनन हार्प यांनी १९९८ साली आकाशातली वीज कशी तयार होते या पाठावर प्रयोग केले. काही विद्यार्थ्यांना नुसता पाठ दिला, काहींना त्याच पाठात विजेबद्दलच्या चटकदार गोष्टी पेरून दिल्या. चटकदार पाठ वाचलेल्यांना मूळ प्रक्रिया कमी आठवली आणि ती नव्या प्रश्नाला लावणंही कमी जमलं. मला जास्त भिडलं ते पुढचं: त्या गोष्टी सुरुवातीला ठेवल्या की नुकसान जास्त, शेवटी ठेवल्या की कमी. म्हणजे त्या नुसत्या लक्ष विचलित करत नाहीत. डोक्यात चुकीचा पाया घालून देतात. माझा धबधबा नेमका पायातच गेला होता.

तेव्हा तुमच्या २ ते ६ या स्लाइडा, चेरापुंजीचे फोटो आणि छत्री उडणाऱ्या माणसाची ती हलती चित्रं, तासाच्या शेवटी न्या. काढूनच टाका असं मी म्हणणार नाही. मुलांना भिजायला आवडतं, भिजू दे की. पण आधी प्रक्रिया. संगीत मात्र पूर्ण काढा, त्यात वाटाघाटी नाहीत. मायर आणि मोरेनो यांनी २००० साली हेही तपासलं होतं: समजावणाऱ्या आवाजामागे संगीत आणि इतर आवाज घातले की समज घटते. तुमच्या पीपीटीत तर बासरी आहे. बासरीशी कोणता शिक्षक स्पर्धा करणार?

आता मूळ दुखणं. ९ नंबरची स्लाइड घ्या. सहा ओळींचा परिच्छेद आहे आणि तो तुम्ही वर्गात वाचून दाखवता, असं तुम्हीच लिहिलंय. घरी बातम्यांचं कुठलंही चॅनेल लावून बघा. निवेदिका बोलतेय, खाली पट्टी सरकतेय. पट्टी वाचायला लागलात की निवेदिकेचं बोलणं नुसता आवाज होऊन जातं. तिथे दोन्हीकडे वेगवेगळा मजकूर असतो म्हणून असं होतं, असं वाटेल. पण मजकूर एकच असला तरी सुटका नाही, कारण प्रत्येक मूल आपापल्या वेगाने वाचतं. तुम्ही दुसऱ्या ओळीवर असता तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी पाचव्या ओळीला पोचलेली असते आणि मागचा एखादा अजून 'बाष्पधारण क्षमता' या जोडगोळीशी झटत असतो. तुमचा आवाज दोघांच्याही वाचनात लुडबुड करतो. आणि बाजूला तुम्ही इतक्या हौसेने लावलेली आकृती? तिच्याकडे बघायला डोळे उरलेत कुणाचे?

यामागचं शास्त्र दोन-चार वाक्यांत सांगते, कारण ते कळलं की बारा तत्त्वं पाठ करावी लागत नाहीत. (पाठ केलीत तरी पुरणार नाहीत, मायर यांच्या २००९ च्या आवृत्तीत बारा होती, २०२० च्या आवृत्तीत पंधरा झाली.) कॅनडातले अ‍ॅलन पायव्हिओ यांनी १९७१ मध्ये मांडलं की शब्द आणि चित्रं डोक्यात वेगवेगळ्या खात्यांत जमा होतात आणि एकच गोष्ट दोन्हीकडे जमा झाली की ती सापडायला सोपी जाते. बॅडली आणि हिच यांनी १९७४ साली दाखवलं की आपण ज्या क्षणी विचार करत असतो त्या क्षणीच्या स्मृतीतही ऐकलेल्याचा आणि पाहिलेल्याचा कारभार बराचसा वेगळा चालतो. आणि ही जागा अगदी चिमुकली: नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या अंदाजानुसार एका वेळी साधारण चार गोष्टी. ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून स्मृतीच्या याच तोकडेपणावरून बोधनभाराचा सिद्धांत उभा केला: शिकवणाऱ्याची मांडणीच विद्यार्थ्याची ही जागा खाऊन टाकू शकते. मायर यांचं बहुतेक काम म्हणजे या कल्पना प्रत्यक्ष पाठांवर घासून पाहणं. चित्र डोळ्याला, समजावणं कानाला, आणि दोन्ही एकाच क्षणी. वाचायचा मजकूर मात्र आत येतो डोळ्यांच्या दारातून आणि मग मनातल्या मनात वाचला जातो. म्हणजे तो चित्राचीही वाट अडवतो आणि तुमच्या बोलण्याचीही.

आता तुमच्या सहकाऱ्यांकडे येते. ते म्हणतात ते चूक नाही.

२००१ मध्ये मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हलती चित्रं आणि निवेदन असा पाठ एका गटाला दिला, दुसऱ्या गटाला तोच पाठ निवेदनातलेच शब्द पडद्यावर लिहून दिला. शब्द लिहिलेला गट मागे पडला. इथवर गोष्ट सगळ्यांना माहीत असते. २००८ मध्ये मायर आणि जॉन्सन यांनी त्याच्यात सुधारणा केली ती मात्र प्रशिक्षणांत कुणी सांगत नाही: पूर्ण वाक्याऐवजी दोन-तीन शब्द, आकृतीतल्या त्या त्या जागेशेजारीच लिहिले, तर आठवायला मदतच होते. शिवाय विद्यार्थ्यांची भाषा दुसरी असेल, शब्द अनोळखी असतील, किंवा सोबत चित्रच नसेल, तर लिहिलेला मजकूर उपयोगी पडतो. तुमच्या वर्गातल्या मुलाने 'सांद्रीभवन' (बाष्पाचे थेंब होणं) हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, तर त्याला 'सांद्री भवन' नावाची इमारत ऐकू येऊ शकते. ही थट्टा नाही, मला एका मुलाने ती कुठे आहे असं विचारलं होतं. असा शब्द पडद्यावर दिसलाच पाहिजे, मोठा, एकटा. सेमी-इंग्रजीच्या विज्ञानाच्या तासाला तर हे दुप्पट लागू आहे. तिथे इंग्रजी संज्ञा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कानाला पकडता येत नाही.

म्हणून मी चाळणी अशी लावते. ज्या शब्दावर मूल अडखळेल तो पडद्यावर. ज्या आकड्याची तुलना करायची आहे तो पडद्यावर, कारण बोललेला आकडा हवेत विरतो. नकाशातली नावं नकाशातच. बाकी सगळी वाक्यं तुमच्या तोंडात. आणि परिच्छेद वाचायचाच असेल, उताऱ्यावर चर्चा करायची असेल, तर तो पडद्यावर लावा आणि तुम्ही गप्प बसा. दीड मिनिट पूर्ण शांतता. नवीन शिक्षकांना हे सगळ्यात अवघड जातं. आपण बोललो नाही तर आपला पगार कापला जाईल असं वाटतं बहुतेक.

आता तुमची १४ नंबरची स्लाइड, कारण निम्म्या वर्गाचं उत्तर इथे चुकलं असा माझा अंदाज आहे. डोंगराचा छेद आहे, सुंदर रंगवलेला. त्याच्यावर अ, ब, क, ड, इ अशी अक्षरं आणि खाली सूची: अ म्हणजे वाताभिमुख (वाऱ्याकडे तोंड असलेली) बाजू, ब म्हणजे सांद्रीभवन, क म्हणजे वातविन्मुख (वाऱ्याकडे पाठ असलेली) बाजू, ड म्हणजे पर्जन्यछायेचा प्रदेश, इ म्हणजे बाष्पयुक्त वारे. मी घड्याळ लावून स्वतः ती स्लाइड समजून घ्यायचा प्रयत्न केला. मला विषय येतो, तरी नजर वर-खाली नऊ वेळा गेली. प्रत्येक फेरीत 'क म्हणजे काय बरं' हे डोक्यात धरून वर जायचं, आणि धरायला जागा किती, तर चार. विषय नवा असलेल्या मुलाची सगळी जागा या हेलपाट्यांतच संपते. ही सूचीची सवय आपल्याला छापील आकृत्यांनी लावली. कागदावर नावं मावत नाहीत म्हणून अक्षरं देतात. पडद्यावर जागेची अडचण नाही. नाव तिथल्या तिथे लिहा, उतारावरच.

आणि ती आकृती एकदम आख्खी दाखवू नका. मी ती अशी उलगडेन. आधी नुसता रिकामा छेद: डावीकडे अरबी समुद्र, मग कोकणची पट्टी, मग सह्याद्री, उजवीकडे उतरत गेलेला देश. डोंगरमाथ्यावर 'महाबळेश्वर', उजव्या पायथ्याशी 'वाई'. (उंची मुद्दाम वाढवून काढलेली आहे हे मुलांना सांगा. साडेतेराशे मीटरचा डोंगर खऱ्या प्रमाणात काढला तर पडद्यावर नुसता सुरकुतीसारखा दिसेल. नाहीतर घाट म्हणजे भिंत असते असा समज दहावीपर्यंत टिकतो.) मग म्हणायचं, "जून महिना. समुद्रावरून वारा निघालाय, खांद्यावर बाष्पाचं ओझं आहे." तेवढं बोलताना तेवढाच एक बाण उमटतो. थांबायचं. "समोर डोंगर. वाऱ्याने कुठे जायचं?" मुलं सांगतात, वर. बाण वर वळतो. "वर गेलेली हवा प्रसरण पावते, म्हणून थंड होते. थंड हवेला ओझं पेलवत नाही." ढग, आणि शेजारी 'सांद्रीभवन'. पाऊस डाव्या उतारावर आणि माथ्यावर. मग माथ्यावरून पलीकडे उतरणारा बाण, आणि इथे मी प्रश्न टाकते: "आता ही हवा खाली चाललीय. गरम होईल की थंड?" उत्तर आल्याशिवाय पुढचं बटण दाबायचं नाही. तुमच्या पीपीटीत नेमकी हीच पायरी नाही! उतरणारी हवा दाबली जाते, तापते, तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद वाढते आणि पाऊस थांबतो. हे न सांगता थेट 'पर्जन्यछायेचा प्रदेश' ही संज्ञा आली, तर मुलांना वाटतं की डोंगराची सावली पडते म्हणून पाऊस नाही. तुमच्या चाचणीचे पेपर पुन्हा काढा, हे उत्तर त्यात सापडेलच.

शेवटी दोन स्तंभ: महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त, आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याचा पाचवा हिस्साही नाही. एवढ्यावर माझ्या हिशेबाने सहा स्लाइडा झाल्या. उरलेल्या ३२ कुठे जातात ते शेवटी सांगते.

बोलणं आणि बाण एकाच क्षणी, आणि तुकड्या-तुकड्याने: या दोन गोष्टींचं महत्त्व मायर यांच्या विजेच्याच पाठाने दाखवलंय. तो पाठ अवघा १४० सेकंदांचा होता. २००१ मध्ये मायर आणि चँडलर यांनी त्याचे १६ तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्याने बटण दाबलं तरच पुढचा सुरू होईल अशी सोय केली. मजकूर तोच, चित्रं तीच. तरी तुकड्यांनी शिकलेल्यांना नव्या प्रश्नांची उत्तरं जास्त चांगली देता आली. सव्वादोन मिनिटांच्या पाठाला जर श्वास घ्यायला जागा लागते, तर तुमचा सात मिनिटांचा व्हिडिओ न थांबवता दाखवणं मुलांवर अन्यायच आहे. वर्गात प्रत्येकाच्या हातात बटण नसतं, ते तुमच्या हातात असतं. स्पेस बार दाबा, विचारा, मग सोडा.

इथे एक गंमत. तुकड्या-तुकड्याने, बोलता बोलता, नाव जागच्या जागी लिहीत आकृती उभी करणं हे आपण काही नवं शिकत नाही आहोत. खडू-फळ्यावर आपल्या बाई नेमकं हेच करायच्या. खडूचा वेगच असा की डोक्याला सावरायला वेळ मिळतो. फिओरेला आणि मायर यांनी २०१६ मध्ये तयार आकृती दाखवून शिकवणं आणि शिक्षकाचा हात आकृती काढताना दिसणं यांची तुलना केली होती. हात दिसला की, विशेषतः विषय नवखा असलेल्यांना, फायदा झाला. तेव्हा त्या दिवशी वीज गेली तर हळहळू नका. तुमचा पाठ कदाचित सुधारेल.

पूर्वतयारीबद्दल थोडं. बाष्प, सांद्रीभवन, बाष्पधारण क्षमता या तीन गोष्टी आणि सगळी साखळी, हे एकाच तासात ओतू नका. आदल्या दिवशीच्या तासाची शेवटची पाच मिनिटं घ्या. स्टीलच्या पेल्यात बर्फ घालून ठेवा, बाहेरून थेंब धरले की विचारा, पाणी झिरपलं का? शब्द त्या पेल्यावर चिकटवून द्या. दुसऱ्या दिवशी आकृतीत 'सांद्रीभवन' आलं की मुलांच्या डोळ्यांपुढे पेला येतो आणि डोक्यातल्या चार जागांपैकी एक वाचते.

लक्ष वेधण्याच्या खुणांबाबत परदेशी सल्ला जसाच्या तसा घेऊ नका, देवनागरीला तो चालत नाही. इंग्रजीत ठळक करायचं तर मोठी लिपी आहे; आपल्याकडे मोठी-लहान अक्षरं नाहीतच. अधोरेखित कराल तर रेघ उकारांवरून आणि हलन्तावरून जाते. 'समुद्र'च्या खाली रेघ मारून बघा, उकार कुठला आणि रेघ कुठली ते मागच्या बाकावरून कळत नाही. तिरपी देवनागरी वाचवत नाही, ती वारा लागल्यासारखी दिसते. राहिले दोन उपाय: जाड ठसा आणि एकच रंग. एकच म्हणतेय. तुमच्या स्लाइडांवर लाल, हिरवा, जांभळा आणि चमकता पिवळा आहे, म्हणजे सगळंच महत्त्वाचं. ओळींमध्ये अंतर थोडं वाढवा, कारण वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार एकमेकांना भिडतात. आणि फॉन्ट युनिकोडच ठेवा. मुक्त, बालू किंवा नोटो यांपैकी काहीही. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पीपीटी शाळेच्या संगणकावर उघडलं आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी आली, हा प्रसंग माझ्यावर अधिकाऱ्यांसमोर ओढवलेला आहे. त्या दिवशी मी तोंडी शिकवलं, आणि बरं शिकवलं.

भाषेबद्दल एक बारीक पण मोलाची गोष्ट. मायर यांच्या गटाने २००४ मध्ये श्वसनसंस्थेच्या पाठात 'फुप्फुसं' असं जिथे होतं तिथे 'तुमची फुप्फुसं' असं काही ठिकाणी केलं, बाकी काही बदललं नाही. ऐकणाऱ्यांची समज वाढली. मराठीत बोलायची भाषा आणि पुस्तकी भाषा यांतली दरी इंग्रजीपेक्षा रुंद आहे. आपण घरी 'वारे वाहतात' असं कधी म्हणत नाही, वारा सुटतो. तुमच्या व्हिडिओतलं निवेदन म्हणतं, "सदर प्रक्रियेस सांद्रीभवन असे संबोधले जाते." कोण कुणाला संबोधतंय? परीक्षेत ग्रांथिक वाक्य लिहायचं आहे हे मान्य. ते शेवटी एकदा स्वच्छ लिहून द्या. समजावताना मात्र मुलांच्या गावचा वारा सुटू दे.

हे सगळे नियम नवख्यांसाठी आहेत, हे विसरलात तर उलटी फजिती होते. २००३ मध्ये काल्युगा, स्वेलर आणि सहकाऱ्यांनी यावर लिहिलं: नवशिक्याला जो आधार तारतो तोच जाणकाराला अडथळा ठरतो. हीच आकृती तुम्ही भूगोलाच्या शिक्षकांच्या बैठकीत एकेक बाण करत दाखवलीत, तर लोक मोबाइल काढतील. त्यांना पहिल्याच स्लाइडवर पूर्ण आकृती द्या आणि वादाचा मुद्दा सांगा. मी प्रशिक्षणात हीच चूक दोन वर्षं केली आणि लोकांना रस नाही अशी तक्रार करत राहिले.

आणि या प्रयोगांना वेद मानू नका. त्यातले बरेचसे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर, काही मिनिटांच्या पाठांवर झालेत आणि चाचणी लगेच घेतलेली आहे. साठ मुलांचा वर्ग, पंख्याचा आवाज आणि पडद्यावर पडलेलं ऊन हे त्यात नाही. म्हणून मी त्यांना सुरुवातीची दिशा मानते; तुमच्या चाचणीचे पेपर वेगळं सांगत असतील तर पेपरांचं ऐका. प्रशिक्षणांत फिरणाऱ्या दोन गोष्टी मात्र खुशाल सोडून द्या. एक, वाचलेलं १० टक्के, पाहिलेलं ३० टक्के लक्षात राहतं असा तो त्रिकोण. एडगर डेल यांच्या १९४६ च्या मूळ शंकूत टक्केवारी नव्हतीच, ती नंतर कुणीतरी चिकटवली. दुसरी, अमुक मूल 'बघून शिकणारं' आणि तमुक 'ऐकून शिकणारं'. पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. तसं वर्गीकरण करून शिकवण्याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. चित्र आणि आवाज दोन्ही सगळ्यांनाच लागतं.

पाठ कितीही सुबक झाला तरी मुलं नुसती बघत बसली तर आठवड्याने काही उरत नाही. तुमची चाचणी आठवड्याने झाली, हे इथे लक्षात घ्या. आकृती पूर्ण झाली की की-बोर्डवर बी दाबा, पडदा काळा होतो. मुलांना वहीत रिकामा छेद काढायला सांगा आणि बाण, नावं आठवून भरायला लावा. पुस्तक बंद. चार मिनिटं. मग पडदा उघडा, ज्याने त्याने आपलं आपण दुरुस्त करायचं. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेलं आठवड्यानंतर जास्त टिकतं, जरी पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारेच पुढे दिसतात. तुमच्या वर्गाचंही हेच झालं असावं: त्या दिवशी विचारलं असतंत तर सगळ्यांनी पाठ म्हणून दाखवला असता.

कामाचा क्रमही उलटा करा. आपण आधी पॉवरपॉइंट उघडतो आणि मग त्यात काय भरायचं ते शोधतो. त्याऐवजी कोऱ्या कागदावर तुम्ही काय बोलणार ते लिहा, बोलल्यासारखं. मग पेन्सिलने खूण करा: इथे चित्राशिवाय चालणार नाही. तेवढ्याच स्लाइडा. या घटकाला मला तासभर लागला. तुमच्या ३८ स्लाइडांना तुम्ही दोन रविवार घातलेत.

राहिले मुख्याध्यापक आणि त्या उरलेल्या ३२. पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक स्लाइडखाली टिपा लिहायची जागा असते. पुस्तकातला सगळा मजकूर, तुमची वाक्यं, प्रश्न, अगदी अध्ययन निष्पत्तीसुद्धा तिथे टाका. छापताना 'नोट्स पेजेस' निवडा: वर स्लाइड, खाली मजकूर, असं पान येतं. सहा पानं भरगच्च होतात आणि फाइलला ३८ पेक्षा भारदस्त दिसतात. त्याच पानांच्या प्रती मुलांना तासानंतर द्या, आधी नको, नाहीतर सगळी त्यातच बघत बसतील. आणि छत्री उडणारा माणूस शेवटच्या दोन मिनिटांत नक्की दाखवा. तो वारा वाताभिमुख बाजूचा की वातविन्मुख, ते मुलांनाच सांगू दे.